मुक्काम पोस्ट, रोज नवं गाव

दसरा-दिवाळी सरली, की आपल्या परभणी जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दोन प्रकारच्या गाड्या दिसायला लागतात. एक ऊसतोडीला निघालेली. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूरकडची माणसं भांडीकुंडी, कोयते आणि लेकरं घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. दुसरी गाडी तमाशाच्या फडाची. ट्रकवर कनाती आणि बांबू, पेट्या, जनरेटर, आणि या सगळ्या पसाऱ्यात बसलेल्या बायका. एका गाडीत कोयता, दुसरीत ढोलकी. पण दोन्हीकडच्या बाईच्या कडेवर लेकरू असतं आणि दोघींनीही मालकाकडून हंगामाची उचल घेतलेली असते. पहिलीबद्दल आपण अलीकडे थोडं तरी बोलायला लागलो. दुसरीचं नाव निघालं, की मात्र चारचौघींत आपला आवाज आपोआप खाली येतो.

आज हा विषय काढायचं कारण घरातल्या पोरी. कॉलेजातल्या मुली आता मोबाईलवर रॉक बँड ऐकतात. एखादीला गिटार शिकायची असते, एखादीला गाणाऱ्या ग्रुपबरोबर गावोगाव फिरायचं असतं. कुठल्या कंपनीचा आधार न घेता स्वतःची गाणी स्वतः बसवायची, पदरमोड करून भाड्याच्या गाडीत वाद्यं कोंबायची, रात्री कार्यक्रम करायचा आणि पहाटे पुढच्या गावाला निघायचं, याला त्या 'स्वतंत्र' बँड म्हणतात. मुंबईत १९८४ मध्ये 'रॉक मशीन' नावाचा बँड निघाला, तोच पुढे 'इंडस क्रीड' झाला. २०१० पासून पुण्यात अशा बँडचा मोठा महोत्सवही भरू लागला. पोरींना हे सगळं अगदी नवं वाटतं. पण मैत्रिणींनो, स्वतःच्या हिमतीवर गाडीत संसार टाकून फिरणारे कलावंत महाराष्ट्राने शंभर वर्षांहून अधिक काळ पाहिलेत. ते आपल्या बांधावरून जातात, पण आपण त्यांच्याकडे बघत नाही, इतकंच.

परभणीला फिरत्या कलेचं वावडं कधीच नव्हतं. गोंधळ ही आपल्या मातीतली कला, आणि परभणीच्या राजाराम कदमांनी तिला मोठं नाव मिळवून दिलं. परभणीचा फेब्रुवारीतला उरूस असो की शेजारच्या नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, पाळणे आणि तमाशाचे तंबू त्याच वाटेने येतात. गोंधळी घरी आला, की आपण त्याच्या पुढ्यात धान्य ठेवतो, पाया पडतो. तमाशातली बाई गावात आली, की पोरींना घरात घेतो. कला दोघांचीही. फरक काय, तर तिकडे पुरुष आहे आणि इकडे बाई.

एका दिवसाचा हिशोब

फडातल्या बाईचा दिवस कसा जातो? रात्रभराचा प्रवास करून ट्रक सकाळी गावाच्या कडेला उभा राहतो. बिगारी लोक स्टेज आणि कनाती बांधायला लागतात. बायका आधी पाणी शोधतात. कुठे शेतातली विहीर, कुठे बोअरचा हौद. आंघोळ साडीच्या आडोशाने. शौचाला जायचं तर अनोळखी गावात उजाडायच्या आत किंवा अंधार पडल्यावर. जेवण फडाच्या भटारखान्यात, आणि झोप तंबूत किंवा ट्रकच्या सावलीला, तीही लेकरू झोपू देईल तेवढीच.

संध्याकाळी तोंडाला रंग लागतो. पायात किलो-किलोची चाळं चढतात. मग गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. पूर्वी वग पहाटेपर्यंत चालायचा. ध्वनिक्षेपकाचे नियम आले, तसं रात्री दहानंतर आवाज बंद करावा लागू लागला. काही मोजक्या दिवशीच बारापर्यंत सवलत मिळते. त्यामुळे वग आटला आणि गाणी वाढली. गावाने सुपारी दिली असेल, तर पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजेरीचा कार्यक्रम असतो. तो उरकला, की गाठोडी बांधायची. दसऱ्याला सुरू झालेलं हे चक्र बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला थांबतं. पावसाळ्यात घरी बसायचं, खर्च भागवायला पुढच्या हंगामाची उचल घ्यायची. म्हणजे नाचायच्या आधीच पैसे संपलेले असतात.

शहरातल्या बँडवाल्यांचीही कमाई गाडीभाड्यात आणि डिझेलमध्ये जातेच. त्यांनाही गाडीत झोपावं लागतं, वडापाववर दिवस काढावा लागतो. पण नाही जमलं, तर त्यांच्यातल्या बहुतेकांना परत जायला घर असतं, हाताशी शिक्षण असतं. फडातल्या बाईला परतीची वाट नसते, कारण तिच्या मागे सगळं घर तिच्या पायातल्या चाळांवर जगत असतं.

विठाबाईंची गोष्ट

तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाई हिवरगावकरांचं नाव घेतलं जातं. त्यांच्या आधी बाईची कामं नाच्या पोऱ्या करायचा. पवळा पठ्ठे बापूरावांच्या फडात गाजल्या आणि तमाशा बायकांच्या जिवावर चालू लागला.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची गोष्ट तर बहुतेकींच्या कानावर असेल. १९३५ मध्ये पंढरपुरात जन्म, १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव, २००२ मध्ये निधन. नऊ महिने भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, तशा आत गेल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा चाळ बांधून लोकांसमोर आल्या. पोट रिकामं दिसल्यावर लोकांनाच कळलं आणि त्यांनीच खेळ थांबवायला लावला, असं सांगतात.

ही गोष्ट सांगताना आपला ऊर भरून येतो. पण तो भरून येण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. त्या बाईवर ही वेळ आलीच का? नऊ महिन्यांच्या पोटाने तिला 'आज मी नाचणार नाही' असं म्हणता का आलं नाही? उत्तर सरळ आहे. त्या एका बाईच्या नावावर सुपारी मिळायची आणि त्या सुपारीवर साऱ्या फडाची चूल पेटायची. नोकरी करणाऱ्या बाईसाठी १९६१ मध्ये मातृत्व रजेचा कायदा झाला, २०१७ पासून ती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. फडातल्या बाईच्या वाट्याला त्यातला एक दिवसही येत नाही. तिने सोसलं, याचं आपण कौतुक करतो. तिला सोसावं लागू नये, यासाठी काही करत नाही. कौतुकाला पैसे पडत नाहीत.

विठाबाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. पुढे सरकारने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो मानाचा आहेच, पण हयातीत औषधाला पैसे नव्हते, हेही विसरता येत नाही.

दुसऱ्या कांताबाई सातारकर. १९६४ मध्ये तुकाराम खेडकर गेले, तेव्हा त्यांच्या पदरात लहान लेकरं होती आणि हातात फड राहिला नव्हता. दुसऱ्यांच्या फडात काम करून त्यांनी पुन्हा स्वतःचा फड उभा केला. मुलगा रघुवीर खेडकर याच्याबरोबर त्यांचं नाव गावोगावच्या भिंतींवर लागायचं. शेकडो माणसांचं जेवणखाण, सुपाऱ्यांचे करार, गाड्या, भांडणं हे सगळं एक बाई सांभाळत होती. मे २०२१ मध्ये करोनाने त्या गेल्या.

त्या करोनाने सगळ्याच फडांचं कंबरडं मोडलं. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची पंचमंडळी येऊन चैत्रातल्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरवतात. २०२० मध्ये पाडवा आला २५ मार्चला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. यात्रा गेल्या. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला होता, १४ तारखेच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. लागोपाठ दोन हंगाम हातचे गेले. उचल मात्र डोक्यावर तशीच राहिली.

बदनामी कोणाची?

बाईने लोकांसमोर गाणं-वाजवणं हे फक्त आपल्याकडेच खटकतं असं नाही. काश्मीरमध्ये शाळेत जाणाऱ्या तीन मुलींनी 'प्रगाश' नावाचा रॉक बँड काढला. डिसेंबर २०१२ मध्ये श्रीनगरच्या स्पर्धेत त्या चमकल्या. मग धमक्या आल्या, फतवा निघाला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये मुलींनी बँड बंद केला. प्रगाश म्हणजे उजेड. तो दोन महिनेही टिकू दिला नाही.

आपण फतवा काढत नाही. आपण नुसती नजर बदलतो. 'पिंजरा' (१९७२) बघून आपल्या मनात बसलं ते हेच, की तमाशातली बाई म्हणजे सज्जन मास्तरला नादी लावणारी. 'नटरंग'मधल्या गाण्यांवर आपल्या मुली गॅदरिंगमध्ये नाचतात, आपण टाळ्या वाजवतो. खास महिलांसाठी लावणीचे कार्यक्रम होतात, तिथेही आपण शिट्ट्या मारून घेतो. मग जिने ही लावणी जिवंत ठेवली, तिला आपल्या न्हाणीघरात एक बादली पाणी द्यायला आपला हात का आखडतो? रात्री पुढच्या रांगेत बसून पैसे उधळणारा कोण असतो? आपल्याच घरातला पुरुष असतो. तो सकाळी घरी येऊन सोवळा होतो, आणि नाव बाईचं खराब होतं. हे गणित एकदा तरी उलटं मांडायला हवं.

लेकरांचं काय?

सगळ्यात मोठा प्रश्न लेकरांचा. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, फड दसऱ्याला निघतो. पोर बरोबर नेलं तर शाळा बुडते, मागे ठेवलं तर सांभाळणार कोण? विशेषतः मुलगी मागे कशी ठेवायची? आणि बरोबर नेली, तर बारा-तेराव्या वर्षी तिच्या पायात चाळ कधी चढतात, ते आईलाही कळत नाही. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये हे जगणं लिहिलं आणि वडिलांच्या नावाच्या जागी आईचं नाव लावलं. ते डॉक्टर झाले, कारण शाळा सुटली नाही. बीड जिल्ह्यात ब्रह्मनाथ येळंब इथे 'सेवाश्रम'सारखं घर अशा मुलांसाठी उभं राहिलं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. मग तीच सोय फडातल्या लेकरांना मिळायला काय हरकत आहे?

हे सगळं सरकारने करावं, असं म्हणून हात झटकायचे नाहीत. बरंच काही आपल्या गावात, आपल्या हातात आहे. यात्रा कमिटीत आता बायका आहेत, सरपंच बायका आहेत, बचत गट तर गल्लोगल्ली आहेत. सुपारी ठरवतानाच चार गोष्टी लिहून घेता येतील: कडी लागणारं संडास-न्हाणीघर, भरपूर पाणी, कपडे बदलायला शाळेची किंवा समाजमंदिराची एक बंद खोली, आणि रंगपटाजवळ राखण. यासाठी लाख रुपये लागत नाहीत. फड दोन दिवस मुक्कामाला असेल, तर आशाताईने एक फेरी मारावी. कोणी गरोदर आहे का, लेकरांचे डोस राहिलेत का, सॅनिटरी पॅड हवेत का, एवढं विचारलं तरी पुष्कळ. मुलांना शिक्षण हमी पत्रक मिळालं, तर दुसऱ्या गावच्या शाळेतही त्यांना बसता येतं. हे गुरुजींना ठाऊक असतं, त्या आईला नसतं. रेशनही आता दुसऱ्या गावी उचलता येतं.

आणि म्हातारपण. वृद्ध कलावंतांच्या मानधन योजनेला आता राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि २०२४ पासून महिन्याला ५००० रुपये मिळतात. वयाची पन्नाशी उलटलेल्या कलावंताला अर्ज करता येतो. पण त्यासाठी रहिवासाचा दाखला लागतो, उत्पन्नाचा लागतो, कलेचे पुरावे लागतात. जिने आयुष्यभर रोज नवं गाव केलं, तिने कुठल्या गावचा दाखला आणायचा? गुडघे गेलेली अशी एखादी बाई आपल्या गावात पत्र्याच्या खोलीत राहत असेल. गावाला ती 'तमासगिरीण' म्हणून माहीत असेल. तिचे कागद गोळा करून पंचायत समितीत नेऊन देणं, हे बचत गटातल्या एका शिकलेल्या सुनेचं दोन दिवसांचं काम आहे.

आपल्या लेकीला उद्या गिटार घेऊन गाडीत बसायचं असेल, तर तिच्यासाठी रस्ता सुरक्षित हवा, मुक्कामाला कडी लागणारी खोली हवी आणि गावची नजर स्वच्छ हवी, असं आपल्याला वाटणारच. तो रस्ता आपल्या लेकीपुरता वेगळा बांधता येत नाही. आज त्यावरून जी जाते आहे, तिच्यासाठी तो नीट केला, तरच उद्या तो आपल्या पोरींच्या उपयोगी पडेल. यंदाच्या यात्रेची बैठक लागेल, तेव्हा नुसतं हळदीकुंकवाचं सामान मागू नका. सुपारीच्या कागदावर न्हाणीघराची ओळ आहे का, तेवढं बघा. नसेल तर लिहायला लावा.