जोखीम किती झेपेल, हे आपणच ठरवू

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कंत्राटावर काम करणाऱ्या काही जणींबरोबर आम्ही महिन्यातून एकदा बसतो. बोलणे बहुधा पगार, पीएफ, सुट्या यांवर होते. गेल्या बैठकीत मात्र विषय निघाला शेअरचा. एक मुलगी म्हणाली, “ताई, भावानं माझ्या नावावर डीमॅट काढलंय. पन्नास हजारांची भिशी लागली की शेअर घ्यायचे म्हणतोय. घेऊ का?” तिच्या शेजारची लगेच म्हणाली, “बायकांनी त्या नादाला लागू नये. सोनं घे.”

मला दोन्ही पटले नाही. भावाने ठरवले म्हणून घ्यायचे, किंवा बाई आहे म्हणून घ्यायचे नाही, यात तिचा विचार कुठे आहे?

आधी आपली जोखीम सोसण्याची ऐपत पाहायला हवी. सेबीच्या २०१३च्या नियमांनुसार नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराने सल्ला देण्यापूर्वी ती तपासलीच पाहिजे. वय, उत्पन्न, कर्जे, पैसे किती वर्षे गुंतवायचे, तोटा किती झेपेल, हे विचारून निष्कर्ष ग्राहकाला कळवायचा असतो. मोबाईलवर आपले आपण शेअर घेणाऱ्यांना मात्र असे समोर बसवून कुणी विचारत नाही. म्हणून आपणच आपल्याला विचारायचे.

यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक मनाची तयारी, दुसरी ऐपत. भाव पडला तरी मी घाबरणार नाही, ही तयारी. पडलेल्या भावात विकायची पाळी येणार नाही, ही ऐपत. धाडसी बाईचीही ऐपत कमी असू शकते.

२०२० साल आठवा. जानेवारीत सेन्सेक्स ४२,०००च्या आसपास पोचला होता. २३ मार्चला तो २६,०००च्या खाली बंद झाला. शेअर तेवढेच पडले असे धरले, तर ५० हजारांचे जेमतेम ३१ हजार राहिले. त्याच आठवड्यात टाळेबंदी लागली आणि कारखाने बंद पडले. पुढे डिसेंबरपर्यंत बाजार ४७,०००च्या वर गेला. ज्यांना थांबता आले, त्यांचे पैसे भरून आले. ज्यांच्या घरी पगार थांबला आणि डबे रिकामे झाले, त्यांनी काय करायचे? कंत्राटी कामगाराचे काम आणि शेअरचा भाव एकाच वेळी जाऊ शकतात. हे आपल्या हिशेबात आधी धरले पाहिजे.

भिशीचेही तसेच. लवकर लागली तर उरलेले हप्ते द्यायचेच असतात, म्हणजे ते एक प्रकारचे कर्जच. उसन्या पैशावर शेअर घेऊ नयेत.

छापील प्रश्नावलीत बाईच्या आयुष्यातले काही प्रश्न सहसा नसतात. घर कुणाच्या नावावर आहे? उद्या बाहेर पडावे लागले, तर हातात किती रोकड आहे? सासू आजारी पडली तर काम कोण सोडणार? मी त्या मुलीला विचारले, “खात्याला मोबाईल नंबर कुणाचा?” म्हणाली, “त्याचाच.” म्हणजे ओटीपी त्याच्याकडे, व्यवहार त्याच्या हातात, तोटा मात्र हिच्या नावावर. भावाचा हेतू चांगला असेलही. पण दुसऱ्याने चालवलेल्या खात्यात आपली जोखीम मोजताच येत नाही.

बायका भित्र्या, म्हणून सोने घेतात असे म्हणतात. मला ते खरे वाटत नाही. अडीअडचणीला चटकन गहाण ठेवता येते आणि अंगावर असते, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. पण सगळेच बँकेत ठेवले की महागाई बचत कुरतडते. ज्या बाईकडे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे, डोक्यावर कर्ज नाही आणि जे पैसे सात-आठ वर्षे लागणार नाहीत, तिने त्यातले थोडे शेअरमध्ये जरूर घालावेत. एकाच कंपनीत नकोत. आणि फ्युचर्स-ऑप्शन्सपासून लांब राहावे. सेबीच्या २०२४च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला.

त्या मुलीला मी घे किंवा घेऊ नको, काहीच सांगितले नाही. आधी नंबर बदलून घे आणि भिशीचे किती हप्ते उरलेत ते मोज, एवढेच म्हटले. मैत्रिणींनो, मजुरीच्या हक्कासाठी आपण भांडलो. त्या मजुरीचे पुढे काय करायचे, हा हक्कही आपलाच आहे. पुढच्या बैठकीत हे प्रश्न मोठ्याने वाचा आणि उत्तरे प्रत्येकीला आपल्या हाताने लिहू द्या. जिला लिहिता येत नाही, तिची उत्तरे मैत्रिणीने लिहावीत, नवऱ्याने किंवा भावाने नव्हे.