राजधानीचे पाणी आणि सरकारी बागा

जून 2024 मध्ये दिल्लीचा पाणीप्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. हिमाचल प्रदेशाने 137 क्युसेक अतिरिक्त पाणी सोडावे, असा आदेश झाला. आठवडाभरातच आपल्याकडे जादा पाणी नसल्याचे हिमाचलने न्यायालयाला सांगितले. हरियाणा हक्काचे पाणी देत नाही, या तक्रारीवरून तत्कालीन जलमंत्री आतिशी उपोषणास बसल्या. त्यापूर्वी, मे महिन्यात, नळी लावून गाडी धुणाऱ्यांना दोन हजार रुपये दंडाचे फर्मान निघाले होते. शेजारी राज्ये झाली, नागरिक झाले. सरकारी खाती स्वतः पाणी कसे वापरतात, हा विषय मात्र त्या गदारोळात मागे पडला.

वस्तुतः अडचण तेथेच आहे. राजधानीत पाणी पुरविणारे प्रामुख्याने एकच, 1998 च्या कायद्याने स्थापन झालेले जल बोर्ड; हिरवळ राखणारे मात्र अनेक. महापालिका, नवी दिल्ली नगरपालिका परिषद, दिल्ली विकास प्राधिकरण, केंद्राचे बांधकाम खाते आणि दिल्ली सरकारचे वेगळे बांधकाम खाते. ओखला, रिठाला, केशोपूर येथील केंद्रांतून प्रक्रिया केलेले सांडपाणी रोज बाहेर पडते. बागा, दुभाजकांतील झाडे, हिवाळ्यात धुळीवर मारावयाचे फवारे, यांपैकी कशालाही पिण्याच्या पाण्याची गरज नाही. पण केंद्रापासून बागेपर्यंतची वाहिनी कोणाच्या अंदाजपत्रकात धरायची, यावर घोडे अडते. मग टँकर येतो, नाहीतर बागेतच कूपनलिका खोदली जाते. विजेचा खर्च सोडला तर कूपनलिकेचे पाणी उद्यान विभागाच्या लेखी फुकटच!

नगरपालिका परिषदेने यातून वाट काढली. लोदी उद्यान आणि नेहरू पार्कसारख्या ठिकाणी सांडपाणी जागेवरच शुद्ध करून झाडांना देण्याची छोटी केंद्रे तिने उभारली. लांब वाहिनीचा प्रश्नच उरला नाही. अर्थात, ही संस्था सधन आहे आणि तिचे क्षेत्रही लहान.

पैशाचे गणित जुळले की काय साधते, ते नागपूरने दाखविले. महाजनकोशी 2008 मध्ये झालेल्या करारातून तेथील महापालिकेचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला मिळू लागले आणि पालिकेला त्याचा मोबदलाही. पुढे, जानेवारी 2016 च्या वीजदर धोरणात केंद्र सरकारने 50 किलोमीटरच्या परिघातील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले आणि त्याचा खर्च वीजदरात धरण्याची मुभा दिली. दिल्लीतही प्रगती वीज केंद्र सांडपाण्यावर प्रक्रिया करूनच आपली गरज भागवीत आले. उद्यान विभागांना खर्च वसूल करण्याची अशी सोय नाही, आणि पाणी वाचविल्याचा लाभही त्यांच्या पदरात पडत नाही.

दंडाच्या पावत्यांपेक्षा येथे हिशेबाची वही अधिक उपयोगी पडेल. प्रत्येक खात्याच्या जोडणीला आणि कूपनलिकेला मीटर बसवून त्याची आकारणी त्या खात्याच्याच तरतुदीतून केली, तर वाहिनीची मागणी करणारे पहिले पत्र उद्यान विभागातूनच निघेल.