बालवर्गातली चौरेघी वही

कॉन्व्हेंटच्या बालवर्गात मूल घातले की महिनाभरात पालकांचा पहिला प्रश्न येतो: लिहायला कधी घेणार? साडेतीन वर्षांचे मूल, बोटांत धड न मावणारी पेन्सिल, पुढ्यात चौरेघी वही आणि रोज एक पान ‘ए’. सिस्टरांच्या किंवा मिशनच्या शाळेकडे ओढा का, असे विचारले तर शिस्त आणि इंग्रजी ही दोनच कारणे सांगितली जातात. तिथला बालवर्ग म्हणजे पहिलीत शिरायचा दरवाजा. या मागणीपुढे अनेक ख्रिस्ती संस्थांनी मान तुकवली आणि केजीची दोन वर्षे म्हणजे पहिलीचीच रंगीत तालीम करून टाकली. ही तडजोड मुलांना महाग पडते. शिवाय ती या संस्थांच्या स्वतःच्या वारशाला धरूनही नाही.

तो वारसा काय आहे, हे एकदा पाहायला हवे. सतराव्या शतकात मोराव्हियन बंधुसंघाचा बिशप असलेल्या योहान कोमेनियसने पहिल्या सहा वर्षांच्या शिक्षणावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि त्या वयाची शाळा म्हणजे घर व आई, असे मानले. फ्रिड्रिख फ्रोबेल हा ल्यूथरन पाळकाचा मुलगा. 1837 मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग गावी त्याने लहान मुलांसाठी काम सुरू केले आणि 1840 मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. आपल्या ‘केजी’तला ‘के’ तो हाच. त्या बागेत लोकरीचे चेंडू होते, लाकडी ठोकळे होते, गाणी आणि वाफे होते. अक्षरे गिरवून घेणे हा तिचा हेतू नव्हता. (1851 मध्ये प्रशियाच्या सरकारने हे वर्ग नास्तिकपणा पसरवतात म्हणून बंद पाडले होते. मुले नुसती खेळताना दिसली की मोठ्यांना काहीतरी काळेबेरे वाटतेच.) पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेत गेल्या, तेव्हा फ्रोबेलच्या पद्धतीने त्या इतक्या भारावल्या की तिचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले आणि मराठी मुलांसाठी पाठ्यपुस्तके तयार करायला घेतली. मराठी मुलखातल्या ख्रिस्ती बालशिक्षणाचा धागा धरायचा तर तो इथून धरावा लागतो.

आता पुराव्याकडे वळू. अमेरिकेतल्या इप्सिलँटी शहरात 1962 ते 1967 या काळात गरीब घरांतल्या 123 मुलांवर झालेला पेरी बालशाळेचा प्रयोग प्रसिद्ध आहे. तिथे मुले आज काय करायचे ते स्वतः ठरवत, करत आणि मग त्याबद्दल बोलत. बालशाळेत गेलेल्या मुलांनी बुद्ध्यंकात मारलेली आघाडी काही वर्षांत ओसरली. पण चाळिशीत त्यांची कमाई जास्त आणि अटकेचे प्रसंग कमी आढळले. याउलट टेनेसी राज्याच्या सरकारी बालवर्गांचा सुमारे 3,000 मुलांवरचा अभ्यास. सुरुवातीला पुढे असलेली ही मुले सहावीपर्यंत बालवर्गाला न गेलेल्या मुलांच्याही मागे पडल्याचे 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. याचे कारण पक्के सिद्ध झालेले नाही, आणि पेरीची मुले मूठभर होती हेही खरे. पण बालवर्गात घातले की मूल आपोआप तयार होते हा समज टेनेसीने मोडला. तिथे काय चालते, यावर सगळे अवलंबून आहे. आपल्याकडच्या ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या 2019 च्या पाहणीतही चार ते आठ वर्षांच्या मुलांबद्दल हेच सूचित झाले: वर्गवारी करणे, कोडे जुळवणे, क्रम लावणे ज्यांना जमते, त्यांची भाषा आणि गणितही बरे असते. मणी ओवणारी, कणकेचा गोळा मळणारी बोटेच पुढे पेन्सिल नीट धरतात. आपला डबा उघडणे, पाळी येईपर्यंत थांबणे, घडलेली गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगणे ही शाळेची खरी तयारी. ती वहीत दिसत नाही, एवढीच तिची अडचण.

गोष्ट सांगायची तर भाषा हवी, आणि तीन वर्षांच्या मुलाजवळ ती घरचीच असते. ‘नो मराठी इन क्लास’ अशी सक्ती जिथे आहे, तिथे मूल इंग्रजी शिकण्याआधी गप्प राहायला शिकते. हे ख्रिस्ती शाळेत घडावे, याचे विशेष वाईट वाटते. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये प्रसिद्ध झाले ते मराठीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा. ज्यांच्या पूर्वसुरींनी लोकांशी बोलण्यासाठी मराठी जिवापाड कमावली, त्यांच्या बालवर्गात ती दाराबाहेर चपलांशेजारी ठेवली जाते.

यावर पालकांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. इंग्रजीवाचून पोराचे अडते हे रिक्षा चालवणाऱ्या बापाला आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला अनुभवाने ठाऊक आहे. मातृभाषेचे गोडवे गाणाऱ्यांची मुले बहुधा इंग्रजी शाळेतच असतात. मग इंग्रजी जरूर असावी, पण कानावाटे: गाण्यांतून, गोष्टींतून, रोजच्या छोट्या सूचनांतून. दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याला तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला उत्तर देऊन ठेवले आहे. बिया, शंख, खडे आणि पाने यांवर त्यांची बालवाडी चालली. खर्च लागतो तो एका वर्गात मुले कमी आणि शिकलेल्या बाई जास्त ठेवण्याचा. तो मात्र टाळता येणार नाही.

तिसरा आक्षेप कुजबुजत घेतला जातो: प्रार्थना, येशूच्या गोष्टी, धर्म. ख्रिस्ती कुटुंबांना आपल्या मुलांवर आपले संस्कार करण्याचा हक्क आहेच, आणि नाताळची गोष्ट ऐकून हिंदू मुलाचे काही बिघडत नाही. पण मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणाला पालकांची संमती लागते, असे राज्यघटनेचे 28 वे कलम सांगते. खाजगी बालवर्ग बहुधा या चौकटीबाहेर राहतात. म्हणून रोज काय म्हटले जाते, काय सांगितले जाते, हे त्यांनी प्रवेशाच्या माहितीपत्रकात आपणहून छापावे. याबाबतचा भरवसा डळमळला की काय होते, ते रमाबाईंच्या शाळेत दिसले: त्यांचे शारदा सदन 1889 मध्ये धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या हमीवर सुरू झाले. ती हमी पाळली जाते की नाही यावरून 1893 मध्ये वादळ उठले आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कोण बरोबर होते यावर अजून वाद घालता येईल, पण मुलींना काढून नेले गेले हे खरे.

राहता राहिली पहिली. तिथल्या बाई पहिल्याच दिवशी श्रुतलेखन घालत असतील, तर सिनिअर केजीच्या बाई एकट्या काय करणार, हा प्रश्न रास्त आहे. पण ख्रिस्ती संस्थांच्या बाबतीत पहिली आणि बालवर्ग पुष्कळदा एकाच कुंपणात, एकाच मुख्याध्यापिकेच्या हाताखाली असतात. नवे शैक्षणिक धोरण वय 3 ते 8 हा एकच टप्पा धरते, आणि पहिलीचे पहिले तीन महिने खेळातून घालवावेत यासाठी एनसीईआरटीने ‘विद्या प्रवेश’ हा कार्यक्रम 2021 मध्येच दिला आहे. बदल वरून खाली आला तर केजीतली चौरेघी वही आपोआप सुटेल. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही. मुख्याध्यापिकेने दोन्ही वर्गांच्या बाईंना एका शनिवारी एकत्र बसवले तरी सुरुवात होते.