शब्द पुरा होऊ द्या

मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये आपण नाव लिहीत असतो, तेव्हा ॲप त्या रकान्यावर सतत लक्ष ठेवून असते. अँड्रॉइडमध्ये तर प्रत्येक बदलाची वर्दी ॲपला तीनदा मिळू शकते: मजकूर बदलण्यापूर्वी, बदलताना आणि बदलून झाल्यावर. या वर्दीवर काय करायचे, हे ॲप बनवणारा ठरवतो. कोणी खाली नावे सुचवतो, कोणी लाल अक्षरांत चूक दाखवतो, कोणी नको असलेले चिन्ह तिथल्या तिथे पुसून टाकतो. यातले सुचवणे उपयोगाचे आहे. पण लिहिणे चालू असताना चूक ठरवणे आणि मजकुराला परस्पर हात लावणे बंद व्हायला हवे. मराठी लिहिणाऱ्याला त्याचा जाच फार होतो.

देवनागरी अक्षर एका फटक्यात उमटत नाही, हे त्याचे मूळ कारण. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबात त्यात 11 चिन्हे आहेत. ‘श्व’ लिहिताना काही क्षण नुसता पाय मोडलेला ‘श्’ पडद्यावर राहतो, आणि तो राहायलाच हवा; तेवढ्यात त्याला चूक ठरवणे गैर आहे. त्याहून गंभीर प्रकार ‘फक्त अक्षरे चालतील’ या निरुपद्रवी वाटणाऱ्या नियमाचा आहे. युनिकोडने काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षरांच्या वर्गात घातलेले नाही. ती जोडचिन्हे आहेत. जावा भाषेतली अक्षर ओळखण्याची नेहमीची सोय त्यांना म्हणूनच अक्षर मानत नाही. ही चाळणी प्रत्येक बदलाला लावली, तर ‘सीता’ लिहिणारीच्या रकान्यात ‘सत’ उरते. शेवटी तपासले असते तरी नियम चुकीचाच होता, हे कबूल. पण तेव्हा तिने लिहिलेले नाव तिच्यासमोर अखंड असते आणि दोष ॲपचा आहे हे तिला दिसते. इथे मात्र आपल्यालाच टाइप करता येत नाही, असे तिला वाटते. लिहिणाऱ्याचा आत्मविश्वास असा हिरावून घेणे मला फार अन्यायाचे वाटते.

यावर म्हटले जाते की चूक लगेच कळली तर वेळ वाचतो. पासवर्ड किती लांब हवा किंवा पिनकोडचे 6 अंक भरले का, याबाबत ते खरे आहे, कारण अंक टाकताक्षणी पुरा असतो. नावाचे, पत्त्याचे तसे नाही. तिथे लिहिणारा पुढच्या रकान्यात गेला की तपासावे. दुसरा आक्षेप असा की मागची यंत्रणा रोमन नावेच स्वीकारते. मग तसे रकान्यावर आधीच लिहावे. आधार कार्डावर नाव स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत असे दोन्ही छापलेले असते, म्हणजे दोन्ही साठवणे अशक्य नाही. शोधाच्या रकान्यात थोडा वेळ थांबून मगच शोध घेण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. फक्त तो अवधी बहुधा सेकंदाच्या अंशाइतका असतो. ‘ठ’साठी कळ दाबून धरणाऱ्याला किंवा कीबोर्डचे पान बदलणाऱ्याला तो पुरत नाही. राहिला खर्चाचा मुद्दा. शब्द अजून जुळतो आहे की पुरा झाला, हे कळण्याची सोय अँड्रॉइड, आयफोन आणि ब्राउझर तिन्हींत पूर्वीपासून आहे. काही कीबोर्ड ती जरा विचित्रपणे वापरतात, त्यामुळे चाचणी वाढते, एवढेच.

ती चाचणी सरकारी ॲपपासून सुरू करता येईल. कंत्राटातच अट घालावी की कऱ्हाडे, कृष्णा आणि ज्ञानेश्वर ही नावे इनस्क्रिप्ट कीबोर्डवर आणि रोमनमधून देवनागरी करणाऱ्या कीबोर्डवर, मध्येच मागे जाऊन एक काना बदलून, लिहून पाहिल्याशिवाय ॲप स्वीकारले जाणार नाही.