घरी बांधलेल्या गाडीलाही पासिंग हवे

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची एक बुटकी जीप देशभर गाजली. गावातल्याच एका कारागिराने भंगारातले सुटे भाग जोडून साधारण ६० हजारांत ती उभी केली होती. इंजिन चालू करायला दुचाकीसारखी किक मारायची. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण नियमांत बसत नसल्याने ती आज ना उद्या अडवली जाईल, हेही सांगितले. बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. कारागिराच्या कष्टांचे चीज झाले, जीप मात्र रस्त्याला मुकली.

ब्रिटनमध्ये तिला निदान परीक्षेला तरी बसता आले असते. घरी गाडी जोडणे हा तिथला जुना छंद. १९५७ मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही चिमुकली स्पोर्ट्स कार आणली, ती सुट्या भागांच्या संचातही मिळे. तयार गाडीवर जबर कर होता, संचावर नव्हता. अट एवढीच की सोबत जोडणीची पुस्तिका द्यायची नाही. तेव्हा चॅपमन यांनी गाडी खोलायची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकांनी ती उलटी वाचली, असा किस्सा सांगतात. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही पळवाट बुजली. छंद मात्र टिकला. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी यावर पुस्तकच लिहिले: जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन आणि गिअरबॉक्स काढायचा, चौकोनी पोलादी नळ्या वेल्डिंग करून चासी घरी बनवायची.

म्हणून तिथे वाटेल ते रस्त्यावर येते असे नाही. अशा एकेका गाडीची स्वतंत्र सरकारी तपासणी होते. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, सीट बेल्टचे बोल्ट, धूर, आवाज, सगळे पाहिले जाते. पादचाऱ्याला लागेल अशी बाहेरची कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी; त्यामुळे हौशी मंडळी उघड्या नटबोल्टांना प्लास्टिकच्या टोप्या चढवत बसतात. गाडी स्वतः बांधली हे दाखवायला फोटो आणि पावत्या जपून ठेवाव्या लागतात. नापास झाली तर उणिवा कळतात, त्या दूर करून पुन्हा यायचे.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२६ गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायला सांगतो. हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी ही व्यवस्था ठीक. एकच गाडी बांधणाऱ्याने तो खर्च कुठून काढायचा? असलेल्या गाडीत फेरफार करावेत, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते.

वर्षाला दीड लाखाहून अधिक माणसे रस्त्यावर दगावणाऱ्या देशात घरी बांधलेल्या गाड्यांची ही नवी ब्याद कशाला, असे कुणी विचारेल. शंका रास्त आहे. म्हणूनच मागणी सवलतीची नाही, तपासणीची आहे. शिवाय मूठभर हौशींसाठी वेगळा नियम करणे सरकारला जमते, हे दिसलेले आहे. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आली, रोजच्या वापराला मनाई करून.

तपासणारे हातही महाराष्ट्रातच आहेत. नियम १२६ मधल्या संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी पुण्यात, तर व्हीआरडीई अहिल्यानगरला. इंजिनिअरिंगची मुले बाहा स्पर्धेसाठी गाड्या बांधतात, त्या स्पर्धेच्या मैदानाबाहेर पडत नाहीत. सुरुवात छोटी असू द्या: वर्षाला ठरावीक गाड्या, वेगावर मर्यादा, धंद्यासाठी वापरायला बंदी, वेगळी नंबरप्लेट, परवडेल असे शुल्क. आणि गाडी नापास झाली, तर कारणे लेखी हवीत.