भाईच्या पावतीवर शिक्का कुणाचा?

गँग चाकूवर चालते असं ज्याला वाटतं, त्यानं वस्तीत एक रात्रही काढलेली नाही. चाकू कुणाकडंही असतो. गँग चालते पावतीपुस्तकावर. त्या पावतीवर शिक्का मारतो कोण, हे बोलायला साले सगळे घाबरतात. म्हणून मी बोलतो.

मी सूतगिरणीत रिंग खात्यावर आहे. माझा पणजा मुंबईच्या गिरणीत रिंग खात्यावरच होता. विणकामात आपल्या माणसाला घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपली थुंकी सवर्ण कामगाराला चालत नव्हती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. आजा १९८२ च्या संपात रस्त्यावर आला तो परत गिरणीत गेलाच नाही. म्हणून गिरणगावाचं बोलायचा हक्क मला आहे.

गँग आभाळातून पडली नाही. कामावर घ्यायचं, काढायचं जॉबरच्या हातात होतं. गल्लीत दादा होता, दादाची व्यायामशाळा होती. जॉबरला दादा लागायचा, मालकाला दोघंही लागायचे. घोडपदेवचा केशव बोरकर दादा १९३० च्या आसपास लाल बावट्याचे संप फोडायला उभा राहायचा. म्हणजे गुंडाला पहिली मान्यता दिली ती गिरणीच्या ऑफिसनं. वस्तीनं नाही.

पुढं १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. एका धंद्यात मान्यता एकाच युनियनला. ती मिळाली राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागं बाहेर पडले, तरी कागदावर मान्यता संघाचीच राहिली. अडीच लाख माणसं बेकायदेशीर आणि एक ऑफिस कायदेशीर! संप रीतसर मागं घेतलाच गेला नाही. कामगार मात्र हजारोंनी उपाशी मेल्यागत झाला. ज्या चाळीत रोज युनियनचा माणूस यायचा, तिथं कुणीच येईना. पोरं नाक्यावर बसली.

त्या नाक्यावर गँग आधीच उभी होती. भायखळ्यात बाबू रेशीम, रमा नाईक, अरुण गवळी. तिला नाव पडलं बी.आर.ए. हिची बांधणी नीट बघा. वर भाई. खाली एरिया सांभाळणारा. त्याच्या खाली हप्ता गोळा करणारे, खबर आणणारे, गोळी घालणारे पंटर. बाजूला वकील आणि हिशेबवाला. पोरगा आत गेला तर घरी पैसे पोचवायचे. बदली कामगाराला गिरणीनं जे कधी दिलं नाही, ते गँग द्यायची.

पण एवढ्यानं शाखा उभी राहत नाही. तिला इज्जत लागते. ती अशी मिळते. आधी कबड्डीचा संघ, मग मंडळ, मग मंडळाची नोंदणी, मग वर्गणी. खंडणी म्हटलं तर गुन्हा, वर्गणी म्हटलं तर पुण्य. नवरात्रात दगडी चाळीत देवी बसते, भक्त येतात, नेते येतात. साहेब नारळ फोडतो. फोटो निघतो. झाली शाखा कायदेशीर.

आणि मांडवली. आमच्या खात्यातल्या एका पोराची दोन महिन्यांची मजुरी ठेकेदारानं दाबली. चौकीत तक्रार घेतली नाही. लेबर ऑफिसात साहेब जागेवर नाही. नाक्यावरच्या भाईनं एका फोनवर पैसे आणले, त्यातले तीन हजार स्वतः ठेवले. पोरगा आता भाईला देव मानतो. मी त्या पोराला शिव्या देणार नाही. ज्यांनी तक्रार घेतली नाही, त्यांनीच भाईला देव केला.

मग देवाचं पुढं काय होतं? १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट खुली झाली. ७ मे १९९४ ला खटाव मिलचे मालक सुनीत खटाव भर रस्त्यात मारले गेले. १६ जानेवारी १९९७ ला डॉक्टर सामंतांना गोळ्या घातल्या. त्याच साली गवळीनं पक्ष काढला, २००४ ला तो आमदार झाला. नगरसेवक कमलाकर जामसांडेकरांच्या २००७ मधल्या खुनात २०१२ ला त्याला जन्मठेप झाली, २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला. भाई आमदारकीपर्यंत पोचतो, पंटर पोलिसांच्या गोळीपर्यंत. जमिनीवर टॉवर आले. कामगाराला घरासाठी अर्ज आणि लॉटरी.

ह्यात आपली पोरं कुठं? विचारा की वस्तीत! गँगमध्ये जात नसते म्हणणाऱ्यानं बघावं, केस अंगावर घ्यायला पुढं कुणाला करतात आणि नगरसेवकाचं तिकीट मागायला कोण जातं. पणज्याला रिंग खातं होतं, पोराला पंटरगिरी. खातं बदललं, वाटणी तीच.

आता खरं दुखणं. १४ एप्रिलच्या बोर्डावर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी भाईचा फोटो लागतो. खाली आपल्याच पोरांची नावं, 'शुभेच्छुक' म्हणून. मालकानं शिक्का मारला, पुढाऱ्यानं मारला, साहेबानं मारला, ते समजतं. आपण का मारतो? वर्गणी कमी पडते म्हणून? मग डीजे नको. निळा झेंडा आणि चार पुस्तकं बास आहेत.

माझं सरळ मागणं आहे. जयंतीचा हिशेब वस्तीत सगळ्यांसमोर वाचा, बायाबापड्यांनाही बसवा. भाईचा पैसा घेऊ नका, फोटो उतरवा. आणि कुणाची मजुरी दाबली तर भाईला फोन करायच्या आधी आपण तीसजण ठेकेदाराच्या दारात जाऊ. एकदा पैसे आणून दाखवू. नुसतं भाषण दिलं तर पोरगा परत नाक्यावरच जाणार, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

फोटो उतरवायला शिडी मी आणतो. कोण येतंय?

जय भीम.