उंदीर मूर्ख, झाड संत?

झुंडीमागे डोळे मिटून धावणाऱ्यांना आपण मेंढरं म्हणतो, पाश्चात्त्य लोक लेमिंग. ध्रुवाजवळच्या टुंड्रात राहणारा हा मुठीएवढा उंदीर. संख्या वाढली की लेमिंग कड्यावरून समुद्रात उड्या घेऊन जीव देतात, असा समज डिस्नेच्या १९५८ सालच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ या माहितीपटानं जगभर पक्का केला. त्याला ऑस्करही मिळालं. पुढे कॅनडातल्या पत्रकारांनी खोदून काढलं, तेव्हा कळलं की उंदीर विकत आणलेले होते, समुद्र नसलेल्या अल्बर्टा प्रांतात चित्रण झालं होतं आणि बिचाऱ्यांना पाण्यात ढकललं होतं!

खरा लेमिंग जगायला धडपडतो. बर्फाखालीसुद्धा त्याची वीण चालू असते. तीन-चार वर्षांनी संख्या अफाट होते, मग खाणं अपुरं पडतं आणि घुबडं, कोल्हे त्यांच्यावर ताव मारतात. नव्या जागेच्या शोधात पोहताना काही बुडतातही, पण त्याला आत्महत्या कशी म्हणायची?

आता आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचं झाड बघा. तान्ह्या बाळांना नजर लागू नये म्हणून ज्याच्या बिया बांधतात, तो बजरबट्टूचा ताड. याच्या पानांवर पूर्वी पोथ्या लिहिल्या जात. तीस ते ऐंशी वर्षं हा फुलतच नाही. मग एकदाच शेंड्यावर सहा-आठ मीटर उंच तुरा येतो, लाखो फुलं फुलतात. फळं पिकायला वर्षभर लागतं आणि त्यानंतर झाड वाळून जातं.

आमच्या गावाहून ताम्हिणी घाटाकडे गेलं की याच रीतीची कारवी भेटते. सात-आठ वर्षांनी सगळी एकदम फुलते, डोंगर जांभळा करते आणि मरते. ते बघून माणसं हळवी होतात, ‘केवढा त्याग!’ म्हणतात.

त्याग कसला? लेमिंगचं आयुष्य जेमतेम वर्ष-दोन वर्षांचं, म्हणून तो मिळेल ती संधी लगेच वापरतो. ताड मात्र जन्मभराची पुंजी साठवून एकाच वेळी बियांवर उधळतो. दोघांचा हिशेब एकच, आपल्यामागे पिल्लं उरावीत. तरी न मरू पाहणारा उंदीर आत्मघातकी ठरला आणि ठरल्याप्रमाणे मरणारं झाड संत. उंदराच्या बदनामीला कॅमेरा तरी लागला. झाडाच्या संतपणाला आपला भाबडेपणाच पुरला.